चेहऱ्यावरचे डाग आणि फोटोतले डाग

समोर बसलेल्यांत हौशी फोटोग्राफर बरेच आहेत, काही स्टुडिओवाले आहेत आणि मागच्या रांगेत आमची काही गिऱ्हाइकंही दिसतायत. गिऱ्हाइकांसमोर धंद्यातल्या युक्त्या सांगायच्या म्हणजे जरा धाडसच आहे. पण आजचा विषय दोन्ही बाजूंना कळला तरच त्याचा उपयोग, म्हणून बोलतो.

आम्ही दोघं भागीदार मिळून अंबरनाथला एक छोटा स्टुडिओ चालवतो. गिऱ्हाईक तीन गावांचं. उल्हासनगरच्या कॅम्पांतून लग्नाची आणि साखरपुड्याची कामं येतात. बदलापूरच्या नव्या सोसायट्यांतून बारशी, वाढदिवस आणि बायोडेटाचे फोटो येतात. आणि आसपासच्या गावांतून येतात जुने फोटो, बहुतेक घरातलं कुणी गेलं की फ्रेमसाठी. तिन्हीकडून एकच वाक्य ऐकू येतं: "दादा, जरा डाग काढून टाका."

आता, कोणता डाग? हा प्रश्न आम्ही बरीच वर्षं विचारतच नव्हतो. डाग दिसला की काढायचा. सॉफ्टवेअर शिकताना तेवढंच शिकलो होतो. तो प्रश्न विचारायला कसं शिकलो, ते आधी सांगतो.

एक चूक

26 जुलै 2005 चा पाऊस इथल्या कुणाला सांगायला नको. सांताक्रूझला त्या एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली, हे सगळ्या देशाने पाहिलं. पण इकडे उल्हास नदीनेही बदलापूरपासून कल्याणपर्यंत पाणी घरात आणलं होतं. भांडी धुता येतात, गाद्या वाळवता येतात. अल्बमचं तसं नाही. ओले फोटो एकमेकांना चिकटतात, मग ओढून काढताना वरचा थर निघून येतो. जे वाचतात त्यांच्यावर पुढच्या काही वर्षांत बुरशीचे ठिपके उठतात. असे फोटो आमच्याकडे पुढे कितीतरी वर्षं येत राहिले.

त्यातलाच एक. बदलापूरच्या पलीकडच्या गावातला एक मुलगा आजीचा फोटो घेऊन आला. आजी गेल्या होत्या, दिवसकार्याला फ्रेम हवी होती. अख्ख्या आयुष्यातला त्यांचा हा एकच बरा फोटो, तोही पाण्यात भिजलेला. चेहऱ्यावर तपकिरी डाग, बुरशीचे काळपट ठिपके, कोपरा फाटलेला. आम्ही तो स्कॅन केला आणि रात्री बसून साफ केला. एकेक ठिपका टिपला. काम इतकं स्वच्छ झालं की आम्हालाच आमचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी फ्रेम न्यायला त्या मुलाची आई आली, म्हणजे आजींची लेक. फोटो हातात घेतला, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, आईचं गोंदण कुठं गेलं?" मग स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून तिने दाखवलं: इथे तीन ठिपके, आणि कपाळावर एक. लहानपणी शिवमंदिराच्या जत्रेत गोंदवून घेतलेले. आम्ही ते बुरशीसोबत पुसून टाकले होते. "ही माझी आई वाटत नाय," असं ती अगदी शांतपणे म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं.

नशीब एवढंच, की मूळ स्कॅन वेगळा ठेवला होता. तिला शेजारी बसवलं, पडद्यावर फोटो मोठा केला आणि ती सांगेल तसं काम पुन्हा केलं. "हा आईचा, हा नाय, हा पाण्याचा." त्या दिवशी आम्ही जे शिकलो ते कुठल्या ट्युटोरियलमध्ये नव्हतं.

डागांच्या तीन जाती

तेव्हापासून आम्ही डागांचे तीन गट करतो. तुम्हीही करून बघा, निम्मं काम तिथेच सोपं होतं.

पहिला गट: फोटोवरचा डाग. धूळ, ओरखडा, बुरशी, पाण्याचा ओघळ, स्कॅनरच्या काचेवरचा कण, कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा ठिपका. हा माणसाचा नाहीच, कागदाचा किंवा यंत्राचा आहे. तो निःसंकोच काढायचा.

दुसरा गट: त्या दिवसाचा डाग. मुरुम, घामोळं, डास चावल्याचा फुगवटा, दाढी करताना लागलेलं, गालावर ओघळलेलं काजळ. आठवडा-पंधरवड्याने हा चेहऱ्यावर राहणार नाही. लग्नाच्या दिवशीच नाकावर पुटकुळी आली म्हणून ती पन्नास वर्षं अल्बममध्ये राहायला हवी असं काही नाही. हा काढायला हरकत नाही.

तिसरा गट: माणसाचा डाग. तीळ, लास, चामखीळ, जुन्या जखमेचा व्रण, गोंदण, कोड, देवीचे व्रण. भारतात देवीचे शेवटचे रुग्ण 1975 साली सापडले. म्हणजे चेहऱ्यावर ते व्रण असलेली माणसं आता पन्नाशीच्या आसपास किंवा त्याच्या पुढची. नातवंडांनी आजोबांना त्या व्रणांसकटच पाहिलेलं असतं. असे डाग विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. माणूस स्वतः म्हणाला "काढा", तर काढा, चेहरा त्याचा आहे. पण आपण परस्पर ठरवायचं नाही. आणि माणूस हयात नसेल तर घरातल्या अशा कुणाला विचारा ज्याने तो चेहरा रोज जवळून पाहिलाय.

वांग, काळी वर्तुळं, सुरकुत्या या मधल्या. त्या पूर्ण काढायच्या नाहीत, थोड्या हलक्या करायच्या. कशा, ते पुढे येतंच आहे.

फोटोत डाग जास्त का दिसतो

बरेच जण म्हणतात, "आरशात एवढं दिसत नाही हो, फोटोतच दिसतं." ते खरं बोलतात. समोर बसलेला माणूस हलतो, बोलतो, हसतो, आपलं लक्ष डोळ्यांकडे असतं. फोटो स्थिर असतो, त्यामुळे नजरेला डाग शोधत बसायला वेळ मिळतो. शिवाय फ्लॅश एका बाजूने आला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते.

फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात तर हे फारच होतं. एकोणिसाव्या शतकातल्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशालाच दाद द्यायच्या, लाल रंग त्यांना जवळजवळ दिसायचाच नाही. त्वचेवरचा लालसर किंवा तपकिरी ठिपका म्हणजे त्या प्लेटच्या दृष्टीने काळा. डोळ्यांना जेमतेम जाणवणारा डाग फोटोत ठळक यायचा. म्हणजे रिटचिंग सुरू झालं त्याला माणसाची हौस कारण होतीच, पण प्लेटचा दोषही तितकाच कारण होता. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात रिटच केलेली निगेटिव्ह आणि तिचे आधीचे-नंतरचे फोटो मांडले, अशी नोंद इतिहासात सापडते. फोटोवरून हात फिरवता येतो, हे तेव्हा अनेकांना कळलं.

आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंतही हेच काम चालायचं. मागून उजेड येणारं तिरकं डेस्क, त्यावर निगेटिव्ह आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक दिसतो. त्या जागी पेन्सिलीने बारीक ठिपके भरले की प्रिंटमध्ये डाग उजळायचा. एका निगेटिव्हला तास-दोन तास सहज जायचे. तेव्हा कुणी उगाच जास्त रिटचिंग करत नसे, कारण हात दुखायचा! आज बोट दाबलं की होतं, म्हणून थांबायचं कुठे ते आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

त्या जुन्या प्लेटची एक गंमत आजही कामाला येते. रंगीत फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल असतात. फक्त निळा चॅनेल उघडून बघा, चेहऱ्यावरचे सगळे डाग उठून दिसतील. फक्त लाल बघा, तोच चेहरा नितळ. काम सुरू करण्याआधी निळ्यात बघून घ्या, आपण काय काय काढायला निघालोय त्याचा अंदाज येतो.

ठिगळ आणि रफू

आता हत्यारांकडे वळू. फोटोशॉप 1990 साली आलं. सुरुवातीला डाग काढायला त्यात मुख्यतः क्लोन स्टॅम्प होता. 2002 साली सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला, 2005 साली स्पॉट हीलिंग ब्रश. गिंप हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यातही क्लोन आणि हील ही दोन्ही हत्यारं आहेत. पैसे नाहीत म्हणून शिकणं थांबवू नका.

या दोघांतला फरक कपड्याच्या भाषेत सांगतो. उल्हासनगरला जीन्सचा एवढा धंदा, तेव्हा इथे कपड्याचं उदाहरण लगेच कळेल. क्लोन स्टॅम्प म्हणजे ठिगळ. एका जागेचा तुकडा जसाच्या तसा उचलायचा आणि दुसऱ्या जागी लावायचा. रंग जुळला तर उत्तम, नाही जुळला तर ठिगळ दिसतं. हीलिंग ब्रश म्हणजे रफू. तो पोत दुसरीकडून आणतो, पण रंग आणि उजेड जिथे काम चाललंय तिथल्या आजूबाजूचा घेतो.

हे कसं जमतं? या जातीच्या कामामागचं गणित पेरेझ, गांग्ने आणि ब्लेक या तिघांनी 2003 साली एका शोधनिबंधात नीट मांडलं. कल्पना साधी आहे. आणलेल्या तुकड्यातल्या पिक्सेलचा रंग किती, हे न घेता शेजारच्या पिक्सेलपेक्षा तो किती गडद किंवा किती फिका, एवढा फरकच घ्यायचा. कडेचा रंग मात्र मूळ चेहऱ्याचा कायम ठेवायचा आणि आतले सगळे आकडे त्या कडेशी जुळवून घ्यायचे. म्हणून शिवण दिसत नाही.

पण यातच त्याचा दोषही आला. कडेला जे असेल ते तो आत ओढतो. भुवईच्या, केसांच्या किंवा ओठांच्या काठाशी हीलिंग ब्रश लावला की काळपट किंवा लालसर फराटा उमटतो. अशा ठिकाणी ठिगळच बरं. क्लोन स्टॅम्प घ्या, ब्रश छोटा ठेवा.

हाताने करायची रीत

एक, मूळ फाइलला हात लावायचा नाही. प्रत काढा, आणि त्या प्रतीतही वर एक रिकामी लेयर घ्या. हत्याराच्या पर्यायांमध्ये खालच्या लेयरमधूनही नमुना घेण्याची सोय असते, फोटोशॉपमध्ये 'सॅम्पल ऑल लेयर्स' किंवा 'करंट अँड बिलो', गिंपमध्ये 'सॅम्पल मर्ज्ड'. ती चालू करा. मग सगळी दुरुस्ती वेगळ्या लेयरवर राहते. त्या बाईंनी "हा ठिपका आईचा" म्हटलं तेव्हा अशी लेयर असती, तर तेवढीच जागा खोडरबराने पुसून गोंदण परत आणता आलं असतं. आम्हाला सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं.

दोन, ब्रशचा आकार डागापेक्षा किंचित मोठा. रंगवल्यासारखा ओढायचा नाही. एक डाग, एक टिचकी.

तीन, नमुना जवळचा घ्या आणि उजेडाच्या त्याच बाजूचा घ्या. नाकावरची छिद्रं मोठी असतात, डोळ्याखालची त्वचा तलम असते, कपाळाचा पोत आडवा जातो. गालाची त्वचा कपाळाला लावली की चेहरा विचित्र दिसतो आणि का ते पटकन सांगता येत नाही. नमुना घ्यायला फोटोशॉपमध्ये आल्ट आणि गिंपमध्ये कंट्रोल दाबून टिचकी मारायची. एकाच जागेचा नमुना दहा वेळा वापरू नका, तेच छिद्र दहा ठिकाणी दिसायला लागतं.

चार, फोटो किती मोठा छापणार ते आधी विचारा. हिशेब करून दाखवतो. 35 बाय 45 मिलिमीटरच्या फोटोत 300 डीपीआयला साधारण 413 बाय 531 पिक्सेल बसतात. त्यात चेहरा खऱ्याच्या सहाव्या हिश्शाएवढा येतो, म्हणजे 3 मिलिमीटरची पुटकुळी जेमतेम 6 पिक्सेलची. तोच चेहरा 12 बाय 18 इंचाच्या अल्बमच्या पानावर खऱ्याएवढा छापला तर तीच पुटकुळी सुमारे 35 पिक्सेलची होते. पहिल्यात कष्ट वाया जातात, दुसऱ्यात घाई अंगाशी येते. काम 100 टक्के झूमवर करा आणि दर पाच मिनिटांनी लहान करून अख्खा चेहरा बघा. 400 टक्क्यांवर तासभर बसलं की प्रत्येक छिद्र शत्रू वाटायला लागतं.

पाच, घामाची चमक. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या लग्नात ही असणारच. क्लोन स्टॅम्पचा मोड 'डार्कन' करा, ओपॅसिटी 15-20 टक्के ठेवा आणि शेजारच्या न चमकणाऱ्या त्वचेचा नमुना हलकेच फिरवा. नमुन्यापेक्षा उजळ असलेले पिक्सेलच बदलतात, बाकी तसेच राहतात. डोळ्यांखालची वर्तुळं हलकी करायला हेच उलटं, मोड 'लायटन'. पण अर्ध्यावर थांबा. वर्तुळं पूर्ण गेली की डोळे चिकटवल्यासारखे दिसतात.

सहा, वांग आणि पसरट डाग. याला ब्लर मारण्याचा मोह होतो. ब्लरने डाग जातो, पण त्याच्यासोबत छिद्रं आणि बारीक लव सगळंच जातं. चेहरा मेणाचा होतो. याला उपाय म्हणजे फोटोचे दोन थर करणं, एका थरात रंग आणि उजेड, दुसऱ्यात नुसता पोत. याला फ्रिक्वेन्सी सेपरेशन म्हणतात. गिंपमध्ये 2.10 पासून 'वेव्हलेट डीकंपोज' नावाची तयार सोयच आहे. वांग हा रंगाचा दोष, तेव्हा तो रंगाच्या थरातच हलका करायचा आणि पोत जसाच्या तसा राहू द्यायचा.

कुठे थांबायचं

तीन ठिकाणी आम्ही थांबतो, तीही सांगतो.

पहिलं, सरकारी ओळखीचे फोटो. पासपोर्टच्या फोटोत सॉफ्टवेअरने फेरफार केलेला चालत नाही, आणि अर्जात तर ठळक दिसणारी खूण कोणती तेही विचारतात. अर्जात "उजव्या गालावर तीळ" लिहायचं आणि फोटोत गाल कोरा! हे फोटो आम्ही उजेड नीट लावून काढतो, नंतर त्वचेला हात लावत नाही.

दुसरं, रंग. "जरा गोरी करा ना" हे वाक्य डाग काढण्याच्या विनंतीला चिकटूनच येतं. फेअर अँड लव्हली या क्रीमने 2020 साली नावातून 'फेअर' काढलं, पण स्टुडिओच्या काउंटरवरून ते काही गेलेलं नाही. उजेड कमी पडला असेल तर तो आम्ही दुरुस्त करतो. अंधारात गेलेला चेहरा वर आणणं वेगळं आणि सावळ्या माणसाला गोरं करणं वेगळं. दुसरं काम आम्ही करत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल असं म्हणणं सोपं नसतं, काही गेलीही.

तिसरं, आपोआप काम करणारी नवी साधनं. जुना फोटो टाकला की क्षणात चकचकीत चेहरा देतात. पण जिथे फोटोत माहितीच उरलेली नाही तिथे ती इतर हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधून नवा चेहरा भरतात. फाटलेल्या कोपऱ्याला आणि मागच्या भिंतीला ती जरूर वापरा. पण माणसाच्या तोंडावर वापरलीत तर शेजारी मूळ स्कॅन उघडा ठेवा आणि डोळे, हनुवटी, तीळ एकेक करून जुळवून बघा. गोंदण कशाशी खातात ते त्या यंत्राला माहीत नसतं. आम्हाला माहीत होतं, तरी आमच्याकडून पुसलं गेलं.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: मोबाइलमध्ये फोटो आधीच गुळगुळीत येतो, त्याचं काय करायचं?

उत्तर: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ब्युटी किंवा फेस स्मूदिंग असं काही असेल तर ते बंद करा. एकदा गेलेला पोत परत आणता येत नाही, डाग मात्र नंतर कधीही काढता येतो. आणि खिडकीजवळ, पडदा ओढून, मऊ उजेडात फोटो काढा. निम्मे डाग तिथेच दिसेनासे होतात.

प्रश्न: मुलीच्या बायोडेटाच्या फोटोतला गालावरचा व्रण काढावा का? घरचे म्हणतात काढा.

उत्तर: घरचे काय म्हणतात ते ऐकलं. मुलगी काय म्हणते? ती म्हणाली काढा, तर आम्ही तिला एवढंच सांगू की पाहण्याच्या कार्यक्रमात समोरची माणसं फोटोतला गाल शोधतील. आमच्याकडे अशी मुलगी येते तेव्हा आम्ही दोन प्रती करतो. एकीत फक्त त्या दिवसाची पुटकुळी काढलेली, दुसरीत व्रणही काढलेला. दोन्ही पडद्यावर शेजारी लावतो आणि घरच्यांना बाहेर चहा प्यायला पाठवतो. कोणती छापायची ते तिने एकटीने ठरवायचं.

वेळ संपली. घरी अल्बममधले जुने फोटो असतील तर पावसाळ्याआधी स्कॅन करून ठेवा. आणि ते ज्यांनी पाहिलेत अशी माणसं अजून आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून एकदा विचारून घ्या, यातला कुठला डाग पाण्याचा आणि कुठला माणसाचा.